कावळ्यांच्या ओळखीचा वायरमन

गोरक्षला त्याच्या लाईनीवरच्या वस्त्यांत आडनाव नव्हतं. दिंडोरीच्या पुढं कादवेच्या काठानं चार-पाच वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यांची वीज सांभाळायचं काम त्याच्याकडं होतं, म्हणून सगळे त्याला गोरक्ष वायरमन म्हणत. पन्नाशीकडं झुकलेला, अंगानं शिडशिडीत, बोलायला कमी. द्राक्षबागांना पाणी द्यायच्या ऐन वेळी लाईट गेली की लोक फोनवर काय काय बोलत. ते तो निमूट ऐकून घेई आणि "आलो" एवढंच म्हणून मोटारसायकलला किक मारी. अशा माणसाचं कोणाशी वैर असेल असं कोणाला वाटलं नसतं. माणसांपैकी कोणाशी नव्हतंही. त्याच्याशी वैर धरलं होतं कावळ्यांनी.

ते सुरू झालं कोरोनाच्या आधी दोन-तीन वर्षं. मे महिन्यात लाईनीची साफसफाई करावी लागते. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायच्या आणि खांबांवरची कावळ्यांची घरटी उतरवायची. इकडचे कावळे घरट्याला काड्यांपेक्षा तारेचे तुकडे जास्त वापरतात, कारण द्राक्षाच्या मांडवाखाली ते हवे तेवढे पडलेले असतात. मग जरा वारं सुटलं की ती तार कुठंतरी टेकते आणि सगळी वस्ती अंधारात जाते.

भागीबाईच्या मळ्याला लागून असलेल्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, असंच एक घरटं झालं होतं. भागीबाई म्हणजे एकटीनं दीड बिघा सांभाळणारी बाई. मिरची, कोथिंबीर आणि बांधानं झेंडू लावायची, आणि वस्तीवरच्या यादवच्या पिकअपमधून माल नाशिकला पाठवायची. गोरक्षनं सप्लाय बंद केला, वर चढला, तर घरट्यात दोन पिल्लं चोची वासून बसलेली. ती खाली टाकायला त्याचा हात होईना. त्यानं एकेक पिल्लू उचलून टोपीत ठेवलं, खाली आणलं, भागीबाईकडून एक फुटकी पाटी मागून घेतली आणि पिल्लांसकट ती पलीकडच्या कडुनिंबावर घट्ट बांधली. हे होईपर्यंत डोक्यावर कावळ्यांचं छप्पर झालं होतं. दोन-चार वेळा टोचही बसली. पिल्लांचे आईबाप पाटीत येऊन त्यांना भरवू लागले, पुढं ती उडूनही गेली. गोरक्षला बरं वाटलं. पण कावळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की या माणसाच्या हातात आपलं पिल्लू होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो त्या डीपीकडं फिरकला की कावळ्यांचा कालवा सुरू. गोरक्षला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पावसाळा गेला, पिल्लं मोठी झाली, तरी विसरले नाहीत. उलट पुढच्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या वस्तीवरचे कावळेही त्याच्यावर ओरडू लागले. तिथल्या एकाही घरट्याला त्यानं तोवर हात लावलेला नव्हता. होता होता सगळ्या लाईनीवर ती बातमी पोचली. तो ज्या वाटेनं जाई त्या वाटेनं कावळ्यांचा आवाज त्याच्यासोबत जाई. एका वस्तीचे कावळे थांबले की पुढच्या वस्तीचे सुरू करत.

त्याला लाज वाटायची. कोणाच्या दारात उभं राहून मीटर बघावं आणि वर कौलांवर ही मंडळी घसा ताणून ओरडत असावी, हे काही बरं दिसत नाही. लोक हसत. पण हसता हसता लोकांनी त्याचा उपयोगही करून घेतला. लाईट गेलेली असली आणि लांबून कावळ्यांचा गलका ऐकू आला, की बायका म्हणायच्या, आला वायरमन, मिक्सरचं भांडं भरून ठेवा. शेतकरी मोटारीच्या स्टार्टरपाशी जाऊन उभे राहायचे. फोन करून "कुठवर आलाय" असं विचारायची गरज कोणाला उरली नाही.

घरी मात्र छाया, त्याची बायको, हसण्यावारी नेत नव्हती. कावळ्यानं डोक्यावर टोचणं तिच्या माहेरी फार अशुभ मानत. घरातल्या कोणाचं काही राहून गेलंय का, कोणा गेलेल्या माणसाची इच्छा अडकलीय का, असं तिच्या मनात यायचं. तिनं एकदा त्याला न सांगता उपासही धरले. गोरक्ष म्हणायचा, त्यांची चूक नाही, त्यांनी जे बघितलं ते लक्षात ठेवलं. पण त्यालाही नीट कळत नव्हतं की ज्यांनी काहीच बघितलं नाही ते कशावर ओरडतात.

मग कोरोना आला. तोंडाला मास्क बांधून गोरक्ष फिरू लागला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की आज लाईनीवर शांतता आहे. कावळे तारेवर बसून मान वाकडी करून बघत होते, पण ओरडत नव्हते. पुढचे कित्येक महिने तो निवांत फिरला. तक्रार आली ती माणसांकडून. लाईट न सांगता येते, स्टार्टरपाशी कोणी नसतं, पाण्याची पाळी हुकते. भागीबाईनं तर त्याला तोंडावर विचारलं, "गोरख, तू येतो का नाय येत, कळत कसं नाय रे आता?"

मास्क सुटले त्या आठवड्यात कावळ्यांनी पुन्हा त्याला गाठलं. जुने होतेच, पण त्यांच्या जोडीला अशी तरणी पाखरं होती, ज्यांनी जन्मात गोरक्षचं उघडं तोंड पाहिलेलं नव्हतं. म्हातारे ओरडले, तेही शेजारी बसून ओरडले, आणि चार दिवसांत त्यांना म्हाताऱ्यांची गरज राहिली नाही.

हे कोडं त्याला उलगडून सांगितलं बुद्धभूषण सरांनी. सर वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आणि सुट्टीत दुर्बीण घेऊन नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जात. शाळेतलं पंखे-दिव्यांचं काम करायला गोरक्ष आला, तेव्हा शाळेच्या पत्र्यावर कावळ्यांची सभा भरली. सरांनी त्याला सगळं खोदून खोदून विचारलं. मग ते म्हणाले की कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि विसरत नाही. आणि त्याच्या पिल्लांना तो चेहरा कळावा म्हणून त्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही. आईबाप कोणावर ओरडतात हे पिल्लू बघतं, आणि तेवढ्यावर शिकतं. रानात असंच चालतं. साळुंकी ओरडली की खार झाडावर चढते, खारीनं साप स्वतः बघितलेला नसतो. दुसऱ्याला जे कळलंय त्यावर विश्वास ठेवला तर स्वतः मरून शिकावं लागत नाही.

एका रविवारी दोघांनी गंमत करून बघितली. सरांनी गोरक्षचा खाकी शर्ट अंगात चढवला, त्याचं कामावरचं, तोंड न झाकणारं हेल्मेट घातलं, त्याची मोटारसायकल घेतली आणि सगळी लाईन फिरून आले. एक कावळा ओरडला नाही. मग गोरक्ष सरांचा पांढरा शर्ट घालून त्यांच्या स्कूटरवर निघाला, तर पहिल्याच वळणावर पिंपळावरून हाक उठली आणि नदीपर्यंत त्याच्यासोबत गेली. सर ओट्यावर बसून पोट धरून हसले. गोरक्षही हसला. त्या दिवसापासून त्याच्या मनातली लाज बरीच कमी झाली. घरी जाऊन त्यानं छायाला सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पण तिची समजूत पटायला पुढं एक वाईट दिवस यावा लागला.

गोरक्षचे वडील, बहिरूतात्या, वर्ष-दीड वर्षानं वारले. दहाव्याचा विधी कादवेच्या घाटावर होता. भाऊबंद जमले, पिंड ठेवले, सगळे मागं सरून उभे राहिले. आणि कावळा शिवेना. नदीकाठच्या जांभळीवर कावळे भरपूर होते, पण सगळे ओरडत होते, एकही खाली उतरत नव्हता. धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं, तात्या, आईला आम्ही सांभाळू. बहिणीनं सांगितलं, तात्या, घराची वाटणी भांडण न करता करू. लोक एकमेकांकडं बघू लागले. तात्यांचं थोरल्यावर काही राहिलं होतं का, अशी कुजबुज मागून ऐकू आली. गोरक्ष मान खाली घालून उभा होता. त्याला कारण कळलं होतं, पण ते अशा वेळी तोंडानं कसं सांगावं हे कळत नव्हतं.

छायाच त्याच्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा तिकडं टेम्पोमागं जाऊन उभे राहता का?"

तो गेला. टेम्पोच्या मागं, पाठ टेकून, डोळे मिटून उभा राहिला. थोड्या वेळात ओरडणं थांबलं. मग पंखांची फडफड झाली, आणि घाटावरून बायकांचा सुटकेचा हुंदका आला. थोरला मुलगा असून त्याला ते दिसलं नाही. छायानं येऊन सांगितलं की दोन कावळे आले, आणि भाताचा घास घेऊन गेले.

त्यानंतर छायानं अशुभाचं नाव काढलं नाही. वर्षश्राद्धाला तीच म्हणाली, आपण नाशिकला रामकुंडावर जाऊ. तिथं गोरक्षनं पान मांडलं आणि सवयीनं मागं सरायला लागला, तोच एक कावळा त्याच्या हातभर अंतरावर येऊन उतरला. त्याच्याकडं बघितलं, आणि खायला लागला. गोदाघाटावरच्या कावळ्यांपर्यंत दिंडोरीची बातमी पोचली नव्हती. गोरक्ष तिथंच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. कावळा सगळं पान संपवून गेला तरी तो उठला नाही. परतताना बसमध्ये तो छायाला म्हणाला की आज तात्यांना जेवताना बघितलं.

आणि मग तो एप्रिल आला. द्राक्षाचा हंगाम संपला होता, वेलींची खरड छाटणी उरकत आली होती, बागांतली मजुरांची टोळी दुसऱ्या गावाला निघून गेली होती. भर दुपारी रानात माणूस दिसत नव्हता. नाल्याच्या कडेला असलेल्या खांबावरची एक तार ढिली होऊन लाईट गेल्याचा फोन आला. गोरक्ष एकटाच गेला. मोटारसायकल सावलीला, लांब वळणावरच्या बाभळीखाली लावली, सप्लाय बंद केला, वर चढून तार नीट बांधली. काम झालं होतं. पट्टा सोडून तो खाली उतरायला लागला, आणि घामानं ओला झालेला पाय सटकला. तो नाल्याच्या काठावर आपटला आणि तिथून घरंगळत कोरड्या पात्रात दगडांवर जाऊन पडला.

शुद्ध आली तेव्हा उजवी मांडी त्याची राहिली नव्हती. हलायला गेला तर डोळ्यांपुढं अंधारी आली. खिशातला फोन कुठं उडाला हे कळत नव्हतं. त्यानं हाका मारल्या, पण नाल्याच्या खोलीतून त्या काठापर्यंतही जात नव्हत्या. रस्ता वरून जात होता, खाली कोणी वाकून बघितल्याशिवाय तो दिसला नसता. ऊन थेट अंगावर होतं. जीभ टाळूला चिकटली. छायाला आज डब्यात काय दिलंय हे विचारायचं राहिलं, असलं काहीतरी त्याच्या मनात येत राहिलं.

आणि वर कावळे होते. आधी दोन-तीन तारेवर आले, मग बाभळीवर, मग काठावर. सगळा नाला त्यांच्या ओरडण्यानं भरून गेला. तो उठत नाही, चालत नाही, याचं त्यांना काही नव्हतं. तो तिथं होता, एवढं पुरे होतं. एक कावळा जवळच्या दगडावर येऊन बसला, तेव्हा गोरक्षनं हातानं डोळे झाकले. पुढं ऊन चढत गेलं तसं त्याला आवाज कधी ऐकू येई, कधी न येई.

भागीबाई तेव्हा मिरचीच्या वाफ्यात होती. दुपारच्या लाईटीवर तिला ड्रिप चालवायचं होतं, आणि लाईट नव्हती. कावळ्यांचा आवाज तिला ऐकू आला होता, म्हणून ती स्टार्टरपाशी जाऊन उभी राहिली. लाईट येईना. ती पुन्हा वाफ्यात गेली, चार रोपांचं तण काढलं, पुन्हा आली. आवाज चालूच होता. मग तिच्या डोक्यात आलं की आवाज तिथंच आहे. वायरमन हलला की कावळे हलतात. खांबापासून डीपीकडं, डीपीपासून रस्त्याकडं, असा आवाज सरकत जातो आणि मग लाईट येते. आज तो आवाज नाल्यापाशी उभा राहिला होता, एका जागी, केव्हाचा.

तिनं खुरपं तिथंच टाकलं, उन्हाचा म्हणून पदर घागरीत बुडवून डोक्यावर घेतला आणि काठी घेऊन निघाली. वळणावर तिला मोटारसायकल दिसली. मग कावळे जिकडं तोंड करून ओरडत होते तिकडं ती चालत गेली आणि काठावरून वाकली.

गोरक्षला आठवतं ते एवढंच, की कोणीतरी ओला पदर त्याच्या ओठांवर पिळला, आणि भागीबाईचा आवाज म्हणाला, "पडून रहा. हलायचं नाय. म्या हाय इथं."

तिनं यादवला फोन लावला. यादव पिकअप घेऊन आला, येताना शाळेवरून बुद्धभूषण सरांना घेऊन आला. सरांनी पायाला दोन्ही बाजूंनी वेळूच्या काठ्या लावून भागीबाईच्याच जुन्या लुगड्यानं बांधलं. मिरचीच्या रिकाम्या गोण्यांवर त्याला निजवून दिंडोरीला नेलं, आणि तिथून नाशिकला. डॉक्टरांनी छायाला सांगितलं की मांडीत आतल्या आत रक्त साठलं होतं, संध्याकाळपर्यंत तो तिथंच राहिला असता तर काही करता आलं नसतं. छाया दवाखान्याच्या जिन्यात बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिला काय वाटलं कोणास ठाऊक, तिनं तिथून दिसणाऱ्या झाडावरच्या कावळ्याला हात जोडले. तो बिचारा नाशिकचा कावळा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पायात सळई घातली. गोरक्ष पावसाळाभर घरी पडून होता. पडल्या पडल्या त्यानं सगळ्याचा पुष्कळ विचार केला. सर भेटायला आले तेव्हा तो म्हणाला, "सर, त्यांच्या मनात मला वाचवायचं नव्हतंच की."

सर म्हणाले, नव्हतं. त्यांनी त्यांच्या पिल्लांना सांगितलं, या माणसापासून सावध राहा. भागीबाई ते ऐकत आली आणि तिला त्यातून दुसरंच काहीतरी समजलं. सर पुढं म्हणाले की एकमेकांचं ऐकत राहिलं की असं होतं, बोलणाऱ्याला माहीत नसतं कोणाच्या उपयोगी पडलं ते.

दिवाळी झाल्यावर कुबडी सुटली, हातात काठी आली. वीज कंपनीनं त्याला दिंडोरीच्या ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचं काम दिलं, आणि लाईनीवर पूजा नावाची तरुण वायरमन आली. कामावर रुजू व्हायच्या आधी गोरक्षला एकदा भागीबाईकडं जायचं होतं. छायानं पुरणपोळ्या केल्या, एक नऊवारी घेतली. रिक्षातून ती दोघं मळ्याच्या तोंडाशी उतरली.

भागीबाई मिरच्या तोडत होती. छायानं तिला कुंकू लावलं, लुगडं हातात दिलं, वाकून पाया पडली. गोरक्षला वाकता येत नव्हतं. त्यानं काठी बगलेत धरून हात जोडले.  तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आल्या म्हणून मी आहे."

भागीबाईनं लुगडं उलगडून काठ बघितला, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू बाबा. म्या लाईट का येईना ते बघाया आले व्हते. मिरची सुकत व्हती माझी."

गोरक्ष हसायला लागला. छाया त्याच्याकडं बघत राहिली, कारण इतक्या महिन्यांत तो असा हसला नव्हता. भागीबाईही हसली, आणि त्याला बाजेवर बसायला सांगून चूल पेटवायला गेली.

तोवर कावळ्यांना पत्ता लागला होता. एकानं डीपीवरून सुरुवात केली, मग पलीकडच्या बांधावरून, मग नदीकडून उत्तरं आली. पाहता पाहता वर सगळे जमले आणि पूर्वीसारखा दणक्यात गलका सुरू झाला. गोरक्ष बाजेवर बसून मान वर करून त्यांच्याकडं बघत राहिला. त्यातले निम्मे तरी गेल्या एक-दोन वर्षांतली पिल्लं असतील. त्यांनीही हाच चेहरा पाठ करून ठेवला होता.

लाईट तर होती. मग वायरमनचा आवाज कसा, म्हणून शेजारच्या बागेतून एकजण बांधावर आला. त्यानं गोरक्षला बघितलं आणि मागं वळून हाक दिली. यादवनं रस्त्यावर पिकअप थांबवला. वस्तीवरच्या दोघी-तिघी बायका हात पुसत आल्या. शाळा सुटल्यावर सर आले, ते स्कूटर लावायच्या आधीच हसत होते. कोणी पायाची चौकशी केली, कोणी ऑफिसात गेल्यावर आमचा फोन आधी उचला असं बजावलं. नवी पोरगी चांगली आहे, पण ती कधी येते ते कळत नाही, अशी तक्रारही त्यांनी केली.

भागीबाईनं मोठ्या पातेल्यात पुन्हा पाणी वाढवलं आणि छायाला साखरेचा डबा कुठं आहे ते सांगितलं. गोरक्षच्या हातात चहाचा पेला आला. एवढी माणसं आपल्यासाठी जमली आहेत, हे त्याला कळत होतं. तो प्रत्येकाकडं आळीपाळीनं बघत राहिला, चहा निवला तरी.